फिरायला एकच लेन्स न्यायची असेल तर कुठली घ्यावी

ट्रॅव्हलसाठी झूम लेन्स घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, २०० मिलीमीटरपर्यंत जाते का ३०० पर्यंत. मी सांगेन, लांबचं जवळ आणणारा मोठा आकडा नंतर, आधी लहान आकडा बघा, तो जितका लहान तितकं जास्त दृश्य फ्रेममध्ये मावतं. वेरूळच्या कैलास लेण्यात खाली अंगणात उभं राहून अख्खं मंदिर फ्रेममध्ये घ्यायचा प्रयत्न केलात की लगेच कळतं, मागे मागे जावं तर पाठीला कातळ लागतो आणि कळस तरी कापला जातो नाहीतर पाया तरी. लांबचं थोडं कमी पडलं तर घरी येऊन क्रॉप करता येतं, २४ मेगापिक्सेलचा १३५ वर काढलेला फोटो २०० इतका जवळ दिसेल असा कापला तरी साधारण ११ मेगापिक्सेल उरतात, घरात लावायच्या प्रिंटला भरपूर झाले. पण जे फ्रेममध्ये आलंच नाही ते कुठून आणणार?

आता हा लहान आकडा तुमच्या कॅमेऱ्यावर नक्की किती होतो ते बघा, कारण इथे खूप जण फसतात. फुल फ्रेम म्हणजे जुन्या फिल्मच्या फ्रेमएवढा सेन्सर, क्रॉप सेन्सर त्याहून लहान, त्यामुळे दृश्य कमी मावतं. म्हणून फुल फ्रेमच्या हिशोबात किती ते काढायला निकॉन, सोनी, फुजीच्या क्रॉप सेन्सरला लेन्सवरचा आकडा दीडने गुणायचा आणि कॅननला १.६ ने, म्हणजे १८ चे झाले २७ किंवा जवळपास २९. फुल फ्रेमची २८-२०० लेन्स क्रॉप सेन्सरच्या बॉडीवर, म्हणजे कॅमेऱ्यावर, लावली तर ती ४२ पासून सुरू होते, मग घाटात दरीचा फोटो विसरा. २४ आणि २८ मधला फरक कागदावर चारच वाटतो पण कोनात बघितलं तर फुल फ्रेमवर २४ ला ८४ अंश दिसतं, २८ ला ७५, आणि अरुंद गल्लीत किंवा वाड्याच्या चौकात ते नऊ अंश फार मोठे असतात.

घ्यायच्या आधी एक काम कराच. मागच्या दोन-तीन ट्रिपचे फोटो कॉम्प्युटरवर उघडा आणि प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंथ, म्हणजे हाच मिलीमीटरचा आकडा, लिहिलेली असते ती बघत जा, शंभरेक फोटो बघितले की तुमची सवय समोर येते. मी बघितलं तेव्हा माझे बहुतेक फोटो ५० च्या आतले निघाले, आणि तोवर मी ३०० वालीच्या मागे लागले होते.

मग अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत येण्याचं भोक, एफचा आकडा मोठा तितकं ते लहान. एफ ३.५-६.३ लिहिलेलं असतं त्यातला ६.३ हा झूम केल्यावरचा आकडा, आणि एफ ४ पेक्षा तिथे निम्म्याहूनही कमी प्रकाश आत येतो. अजिंठ्यात फ्लॅश चालत नाही आणि आत अंधुक असतं, पण चित्रं हलत नाहीत त्यामुळे स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, चांगलं असेल तर स्लो शटरवर हातानेच निघतात फोटो. वारीत मात्र स्टॅबिलायझेशनचा उपयोग नाही, फुगडी घालणाऱ्या बायका किंवा नाचणारे वारकरी धरायचे तर शटर १/२५० सेकंदापेक्षा वेगवानच हवं, आणि संध्याकाळच्या उजेडात एफ ६.३ वर आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, कुठच्या कुठे जातो आणि फोटो दाणेदार होतो. लेण्या, देवळं, बाजार, रात्रीचे घाट असं तुमचं फिरणं असेल तर फुल फ्रेमवर २४-१०५ एफ ४ किंवा फुजीची १६-८० एफ ४ घ्या, लांबचं सोडून द्या. टॅमरॉनची २८-२०० एफ २.८ पासून सुरू होते पण तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही, ते बॉडीत असेल तरच घ्या.

दिवसा उजेडात गड-किल्ले करणाऱ्यांना मी १८-१३५ किंवा १८-१५० सांगते. सोनीची १८-१३५ आहे ३२५ ग्रॅम, टॅमरॉनची १८-३०० आहे ६२० ग्रॅम, आणि राजगड चढताना गळ्यातलं हे जवळजवळ दुप्पट वजन चांगलंच जाणवतं. १८-३०० चा एक मोठा फायदा म्हणजे १८ वर ती १५ सेंटीमीटरपर्यंत फोकस करते, कासला फुलांसाठी वेगळी मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची लेन्स, लागत नाही. पक्ष्यांसाठी मात्र ३०० सुद्धा कमीच पडतं, भिगवणला जायचं तर ती लेन्स वेगळीच घ्यावी लागते.

एकच लेन्स का, तर धूळ. एका वर्षी दिवे घाटात पालखी चढत असताना मी घाईत लेन्स बदलली आणि सेन्सरवर कण बसला, पुढच्या सगळ्या फोटोंत आकाशात त्याच जागी ठिपका. तो दिवस परत येत नाही हो. पावसाळ्यात फिरत असाल तर माउंटला, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायच्या बाजूला, रबराची रिंग असलेली, वेदर सीलिंगवाली लेन्स घ्या, आणि कोकणातून आल्यावर ती ओलसर बॅगेत तशीच ठेवू नका, पुसून सिलिका जेल टाकलेल्या हवाबंद डब्यात ठेवा, बुरशी धरायला वेळ लागत नाही.

दुकानात स्वतःची बॉडी घेऊन जा. लेन्स खाली तोंड करून धरा, आपोआप लांब होत असेल तर चालताना त्रास देणार. विटांच्या भिंतीचा किंवा दुकानाच्या शटरचा फोटो सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या आकड्यावर काढून चारही कोपरे मोठे करून बघा, एकच कोपरा धूसर दिसला तर दुसरा पीस मागा. सेकंडहँड असेल तर एका बाजूने मोबाईलचा टॉर्च मारून दुसरीकडून बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही, म्हणजे बुरशी, दिसलं तर कितीही स्वस्त मिळू दे, घेऊ नका.