पार्ट बदलण्याआधी थांबा: गोव्यातल्या पावसापाण्यात घरची सेडान कशी तपासायची

आपल्याकडे गाडी किलोमीटरने कमी आणि पाण्याने, खाऱ्या वाऱ्याने आणि नुसती उभी राहून जास्त खराब होते, हे आधी डोक्यात ठेवा. फोंडा-पणजी रोज अपडाऊन करणारी सेडान आणि पेडण्यात आंब्याखाली आठवडाभर उभी असलेली, फक्त रविवारी देवळात जायला बाहेर निघणारी सेडान, मॉडेल एकच असलं तरी दोघींची दुखणी वेगळी. सर्व्हिस बुकात "१० हजार किलोमीटर किंवा १ वर्ष" असं काहीतरी लिहिलेलं असतं ना, त्यातलं "किंवा १ वर्ष" आपल्यासाठी जास्त महत्त्वाचं. गाडी चाललीच नाही म्हणून ऑइल बदललं नाही, हे चालत नाही.

दुसरी गोष्ट, फिटरकडे जाऊन नुसतं "आवाज येतो" किंवा "गाडी गरम होते" सांगू नका. थंड इंजिनला होतं का गरम झाल्यावर, सरळ जाताना का वळताना, ब्रेक मारल्यावर का ब्रेक सोडल्यावर, पाऊस पडून गेला की होतं का कोरड्यातपण, एसी चालू असताना का बंद, एवढं दोन दिवस बघा आणि मोबाईलमध्ये लिहून ठेवा, आवाज असेल तर रेकॉर्ड करा. अर्धा बिघाड तिथंच सापडतो. नाहीतर अंदाजाने पार्ट बदलत जातात आणि प्रत्येक अंदाजाचे पैसे तुम्ही भरता.

सगळ्यात जास्त तक्रार असते सकाळी गाडी स्टार्ट न होण्याची. चावी फिरवल्यावर काय होतं ते नीट ऐका. भराभर टकटकटक आवाज येतो आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होतात, तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल सैल आहे. एकच "टक" आणि दिवे मात्र झगझगीत, तर स्टार्टर मोटर किंवा तिच्या सोलेनॉइडकडे (मोटरला करंट जोडणारा स्विच) बघायला हवं. इंजिन जोरात फिरतंय पण पेटत नाही, तर बॅटरीचा संबंध नाही, पेट्रोल, स्पार्क किंवा चावीच्या इमोबिलायझरकडे वळा (चावी ओळखल्याशिवाय इंजिन पेटू न देणारं चोरीविरोधी लॉक; डॅशवर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल तर आधी दुसरी चावी लावून बघा). तीन वेगळे आजार आहेत आणि तिघांनाही लोक "बॅटरी गेली" म्हणतात.

काही शे रुपयांचा साधा डिजिटल मल्टीमीटर घरात असू द्या, मी तर म्हणेन सीट कव्हरच्या आधी तो घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं की ती फुल चार्ज. १२.४ पर्यंत चालतं, १२.२ च्या खाली गेलं तर चार्ज करायला हवी. मग इंजिन चालू करून परत लावा, साधारण १३.८ ते १४.५ दिसायला पाहिजे (काही नव्या गाड्या चार्जिंग स्वतःच कमीजास्त करतात, तिथे आकडा थोडा हलतो). इंजिन चालू असूनही आकडा १२ वरच अडकला तर नवी बॅटरी घालून काही उपयोग नाही, अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) किंवा त्याचा बेल्ट बघा, नाहीतर नवीसुद्धा चार दिवसात उतरेल. आणि चार्जिंग बरोबर आहे, बॅटरी रात्री फुल होती, तरी सकाळी उतरलेली मिळते आणि तिला ४-५ वर्षं झालीत, तर मात्र तिचं आयुष्य संपलं असं समजायला हरकत नाही.

किनाऱ्याजवळच्या गाड्यांचं टर्मिनल उघडून बघा, निळसर-पांढरी भुकटी जमलेली असते, आणि कधी कधी वरून स्वच्छ दिसतं पण क्लॅम्प काढला की आत काळा थर. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी, हा क्रम चुकवू नका, कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला लागला तर ठिणगी उडते. गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, फेस येऊन भुकटी निघून जाते, पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका, कपड्याने पूर्ण कोरडं करा, क्लॅम्प हाताने हलणार नाही एवढा घट्ट करा आणि मग वरून व्हॅसलिनचा पातळ थर द्या. बरेच "बॅटरी गेली"वाले इथेच बरे होतात.

कुळागराजवळ (सुपारी-नारळाच्या बागेजवळ) राहणाऱ्यांसाठी खास सांगतो, उंदीर. पावसात बिळात पाणी शिरलं की ते उबेला बॉनेटखाली येतात. काल ठीक असलेल्या गाडीत आज अचानक इंजिनचा दिवा लागला, एक हेडलाइट गेला, एसी बंद पडला असे दोन-तीन बिघाड एकदम दिसले, तर महागडा कंट्रोल युनिट गेला असं कोणी म्हणायच्या आत टॉर्च घेऊन वायरिंग बघा. सुकं गवत, सुपारीची सालं, लेंड्या दिसल्या की समजा. कुरतडलेली वायर नुसती पिळून टेप गुंडाळू नका, दमट हवेत ती आतून हिरवी पडते आणि महिन्याभराने तोच बिघाड परत, सोल्डर करून हीट श्रिंक ट्यूब (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवायला सांगा.

आता पायाखाली पाणी. जूनमध्ये कार्पेट ओलं झालं की लोक दरवाजाच्या रबराला दोष देतात, पण आधी काचेखालची, वायपरजवळची जाळी बघा. आंब्या-फणसाखाली गाडी लावता ना, ती पानं, मोहोर, काड्या त्या जाळीतून आत जातात आणि कोपऱ्यातल्या निचऱ्याच्या भोकात बसतात, मग तिथे पाणी टाकीसारखं साठतं आणि एसीच्या हवेच्या वाटेने आत उतरतं. बॉनेट उघडा, कोपऱ्यात हात घालून तो काळा चिखल काढा, वरून तांब्याभर पाणी ओता आणि ते चाकामागून खाली सरसर पडतंय का बघा. दरवाजाच्या खालच्या कडेलापण बारीक भोकं असतात, ती बुजली तर दरवाजा हलवल्यावर आत पाणी डुचमळल्यासारखं ऐकू येतं, आणि तिथूनच दरवाजा सडायला लागतो. पाऊस नसतानाही डाव्या बाजूचं कार्पेट ओलं असेल तर एसीची निचऱ्याची नळी तुंबलीय. आणि ते पाणी चिकट, गोडसर वासाचं असेल तर तो कुलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) आहे, हीटरचा कोअर (हीटरचा छोटा रेडिएटर) लीक, ते काम घरी करण्यासारखं नाही.

गाडी गरम होण्यात एक फरक ओळखता आला पाहिजे. पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा वर जातो आणि हायवेला लागलं की खाली येतो, तर रेडिएटरचा फॅन चालत नाहीये. उलट ट्रॅफिकमध्ये ठीक पण चोर्ला किंवा अनमोड घाट चढताना गरम होते, तर रेडिएटर चोक, थर्मोस्टॅट (कुलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) किंवा वॉटर पंप. फॅन तपासायला एसी चालू करून बॉनेट उघडा आणि बघा, बहुतेक गाड्यांत थोड्या वेळात फॅन फिरायला लागतो. नाही फिरला तर आधी फ्यूज, मग रिले (फॅनला करंट देणारा छोटा स्विच; फ्यूज बॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले असेल तर अदलाबदल करून बघता येतं), मग मोटर. जळालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज कधीच घालू नका, वायर पेटते.

घाटात काटा चढायला लागला तर एसी बंद, हीटर आणि ब्लोअर फुल, विचित्र वाटेल पण इंजिनची उष्णता बाहेर निघते, आणि सुरक्षित जागा मिळाली की थांबा. लाल पट्ट्यात गेला तर पुढचं गाव गाठायचा विचार करू नका, इंजिन बंद करा. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही, आत दाब असतो, उकळतं पाणी तोंडावर येतं. निदान अर्धा-पाऊण तास थांबा. आणि कृपा करून विहिरीचं पाणी कायमचं भरून ठेवू नका. अडचणीत घातलं तर घातलं, पण नंतर ते काढून बरोबर कुलंट भरा, कारण त्यातले क्षार आत थर धरतात आणि साध्या पाण्याने आतून गंजपण चढतो. कुलंट परत परत कमी होतोय, एक्झॉस्टमधून पांढरा धूर सकाळच्या पाच मिनिटांनंतरही थांबत नाही आणि डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइल दुधी दिसतंय, तर हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं सील) गेलंय. गाडी टो करा.

एसीचं बघा. आमच्या वाड्यावरच्या एका काकांना एका गॅरेजमध्ये सांगितलं होतं कॉम्प्रेसर गेला, मोठा खर्च. लक्षण एवढंच की ट्रॅफिकमध्ये हवा कोमट आणि गाडी पळाली की थंड. पुढच्या जाळीतून टॉर्च मारली तर कंडेन्सरच्या (रेडिएटरसमोरची एसीची जाळी) पत्र्यांमध्ये लाल माती आणि किडे लिंपून बसलेले, मागचा उजेडसुद्धा दिसत नव्हता. पाण्याची साधी नळी, प्रेशर वॉशर नाही, त्याने पत्रे वाकतात, हळूहळू वरून खाली पाणी सोडत राहिलो, आधी लाल मग गढूळ मग स्वच्छ पाणी यायला लागलं आणि एसी पूर्वीसारखा झाला. डिचोली-साखळीच्या बाजूला, जिथे खाणीचे ट्रक जातात, तिथे हे दर उन्हाळ्यात करा. हवा थंड आहे पण कमी येते, तर केबिन फिल्टर, बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि काही मिनिटांत निघतो. आणि "गॅस संपलाय, भरून घ्या" असं दरवर्षी कोणी सांगत असेल तर विचारा की गेला कुठे? ती बंद सिस्टिम आहे, दरवर्षी भरावा लागतोय म्हणजे लीक आहे, आधी लीक शोधायला लावा.

ब्रेक. पावसात दोन दिवस उभी राहिलेल्या गाडीच्या पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर आली तर घाबरू नका, डिस्कवरचा गंज असतो तो, पुसला जातो. पण खरखर तशीच राहिली किंवा लोखंडावर लोखंड घासल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी पॅड बघा, ३ मिलीमीटरच्या खाली असतील तर बदला. ब्रेक ऑइलची पातळी खाली गेली तर नुसतं टॉप अप करून मोकळे होऊ नका, पॅड झिजले किंवा लीक आहे, दोन्हीपैकी एक. हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं आणि मग घाट उतरताना गरम होऊन त्याला वाफ धरते, पेडल एकदम मऊ लागतं, म्हणून २ वर्षांनी बदला, आपल्या हवेत यात टाळाटाळ नको. चवथीला (गणेश चतुर्थीला) आठवडाभर गावी जाताना गाडी मागे ठेवत असाल तर सपाट जागी हँडब्रेक ओढू नका, मागचे लायनर ड्रमला चिकटतात, पहिला गिअर टाका (ऑटोमॅटिक असेल तर पार्क) आणि चाकाला दगड लावा.

आवाजांचं पटकन सांगतो. पूर्ण स्टेअरिंग वळवून निघताना टकटकटक म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट, त्याचं रबर फाटून ग्रीस उडालेलं दिसेल. लहान खड्ड्यात खटखट म्हणजे बहुतेक वेळा लिंक रॉड (सस्पेन्शनची छोटी दांडी), स्वस्तातलं काम, आधी तेच बघायला सांगा, सरळ शॉकअबवर (शॉक अॅब्सॉर्बरवर) जाऊ नका. वेग वाढला की वाढणारी घूं घूं, वळणावर बदलणारी, चाकाचं बेअरिंग. आणि खालून पत्रा किंवा प्लास्टिक घासल्याचा आवाज चोडण बेटाच्या फेरीबोटीतून उतरल्यावर सुरू झाला असेल तर इंजिनखालचं कव्हर सुटलंय. ओहोटीला धक्क्यावरच्या रॅम्पचा चढ वाढतो आणि सेडानचं नाक आणि पोट दोन्ही लागतात, भरलेल्या गाडीतून दोघं-तिघं उतरून चालत गेले तर बरं. रॅम्पवरचं खारं पाणी खाली उडतं, घरी आल्यावर गोड्या पाण्याने चाकांच्या आतून आणि खालून धुवा.

इंजिनचा पिवळा दिवा नुसता पेटून राहिला तर गाडी हळू चालवत नेता येते, लुकलुकत असेल तर बाजूला घ्या, मिसफायर होतोय (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही) आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) जळू शकतो. स्टेअरिंगखाली स्कॅनरचं सॉकेट असतं, स्वस्त ब्लूटूथ स्कॅनरपण कोड वाचतो. पण कोड म्हणजे पार्टचं नाव नाही. पी ०१७१ आला म्हणजे पेट्रोल-हवेच्या मिश्रणात हवा जास्त होतेय, कारण फाटलेला व्हॅक्यूम पाइपपण असू शकतो, सेन्सर लगेच बदलू नका.

टायरवर कायद्याने १.६ मिलीमीटर नक्षी लागते, पण आपल्या जुलैच्या पावसात ३ च्या खाली गेलेला टायर पाण्यावर तरंगतो, मे महिन्यातच बदला. बाजूला चार आकडे असतात, २३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा, कमी चाललेल्या गाडीचे टायर नक्षी शाबूत असूनही वयाने कडक होतात.

शेवटी, पाणी भरलेल्या रस्त्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्ट मारायचा नाही. एकदाही नाही. पाणी दाबलं जात नाही, हवेच्या वाटेने ते सिलिंडरमध्ये गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हजारांचं काम लाखावर जातं. ढकलून कोरड्यावर घ्या, बॅटरीचा निगेटिव्ह काढा, एअर फिल्टर उघडून ओला आहे का बघा, डिपस्टिक काढून ऑइल दुधी झालंय का बघा, पाण्याची रेषा दिसेल असे फोटो काढा आणि टो करून न्या. साध्या इन्शुरन्समध्ये इंजिनात पाणी शिरल्याचं नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं, तेव्हा तुमची पॉलिसी आजच काढून त्यात ते आहे का बघून घ्या.