जाळरेषेवरून उडताना

माझे बाबा मेळघाटात वनरक्षक होते. फेब्रुवारी लागला की त्यांची जाळरेषांची कामं सुरू व्हायची. ठरलेल्या पट्ट्यातलं गवत कापायचं, वारा पडलेला बघून ते आपणच जाळून टाकायचं, म्हणजे पुढे वणवा आलाच तर त्याला तिथे खायला काही मिळत नाही. आज मी कॅनडात, ब्रिटिश कोलंबियात, आगीच्या हंगामात टँकर विमानांना वाट दाखवणारं बर्ड डॉग विमान उडवतो, आणि आमचं कामही जाळरेषा आखण्याचंच आहे. ती लाल असते आणि आकाशातून पडते.

'आगीवरचा पायलट कसं व्हायचं?' असं विचारणाऱ्या मुलांना मी पहिल्यांदा हेच सांगतो. एअर टँकर, म्हणजे आगीसाठी टाकीत द्रव भरून नेणारी विमानं, जे टाकतात ते बहुतेक वेळा नुसतं पाणी नसतं. ते रिटार्डंट असतं, म्हणजे पाण्यात कालवलेले फॉस्फेटचे क्षार. आधीच्या विमानाचा लोड, म्हणजे टाकलेला द्रव, कुठे संपला हे नंतरच्याला दिसावं म्हणून त्यात लाल रंग घालतात. ते ज्वाळांवर न ओतता आगीच्या वाटेवर पसरतात. सीएल-४१५ सारखी विमानं तळ्यावरून ओझरती जात साधारण १२ सेकंदांत ६,००० लिटर पाणी भरतात आणि थेट आगीवर टाकतात. पण दोन्हीकडे आगीचा जोर तेवढा कमी होतो. शेवटी आग विझवतात ती जमिनीवरची माणसं. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे फांदी घेऊन झोडपणारा खाली लागतोच." अगदी बरोबर बोलले. त्या खालच्या माणसासाठी आपण उडतोय हे ज्याला मनापासून पटत नाही, त्याने या कामात येऊ नये असं माझं ठाम मत आहे.

बर्ड डॉग म्हणजे टँकरच्या आधी आगीवर पोचणारं छोटं विमान. आमचं टर्बो कमांडर आहे. डावीकडे मी, उजवीकडे एअर अटॅक ऑफिसर. कुठे, किती, कोणत्या क्रमाने टाकायचं हे तो ठरवतो, आणि ते तिथे सुखरूप टाकता येईल का हे मी बघतो. त्यासाठी टँकरच्या वाटेने मी आधी स्वतः खालून जाऊन येतो.

थॉम्पसन नदीच्या खोऱ्यातली एक दुपार सांगतो. अरुंद दरी, उतारावर आग, मागे तीन टँकर घिरट्या घालत थांबलेले. पहिल्या फेरीत धुराच्या कडेला एका टेकाडावर मला विजेचा खांब दिसला. तार दिसत नव्हती, पण खांब आहे म्हणजे तार आहेच. दुसरी फेरी उलट बाजूने घेतली. कडा ओलांडताच विमान एकदम खाली दबलं, पोटात खड्डा पडला. तिथली हवा खाली वाहत होती. टँकर जमिनीपासून जेमतेम दीडशे फुटांवरून लोड टाकतो. तिथे असं दबून चालत नाही. आम्ही ती रेषा सोडली आणि अर्धा किलोमीटर मागे, दरी उघडते तिथे, नवी आखली. मधला जंगलाचा तुकडा आगीला द्यावा लागला. मग सायरन वाजवत त्या रेषेवरून गेलो, म्हणजे खालची माणसं बाजूला होतात, आणि पहिल्या टँकरला बोलावलं.

या कामात एक प्रश्न सतत डोक्यात ठेवावा लागतो: लोड सुटलाच नाही तर? दार अडकलं, तर तेवढंच वजन घेऊन विमान दरीतून बाहेर पडलं पाहिजे. म्हणून रेषा शक्यतो उताराच्या दिशेने आखतात आणि बाहेर पडायची वाट आधी ठरवतात. याच खोऱ्यातल्या लिटन गावात २९ जून २०२१ ला ४९.६ अंश तापमान नोंदलं गेलं, दुसऱ्या दिवशी गाव जळालं. अशा उष्ण, विरळ हवेत इंजिनाची ताकद आणि पंखांची उचल दोन्ही घटतात. परफॉर्मन्सचे तक्ते, म्हणजे कोणत्या हवेत विमान किती वजन उचलेल याचे, परीक्षेपुरते पाठ करणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

आता वाट. भारतात सीपीएलसाठी, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या लायसन्ससाठी, बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स, क्लास १ मेडिकल, डीजीसीएचे (भारताच्या नागरी विमान नियामकाचे) पेपर आणि २०० तासांचं उड्डाण लागतं. तिथून बहुतेक जण टाइप रेटिंग, म्हणजे एका ठरावीक विमानाचं प्रशिक्षण, करून एअरलाइनकडे जातात. तो रस्ता चांगलाच आहे. मला एका एजंटाने सांगितलं होतं की २०० तासांवर कॅनडात आगीचं काम लगेच मिळतं. साफ खोटं होतं ते. इथे डीजीसीएचं लायसन्स जसंच्या तसं चालत नाही. ट्रान्सपोर्ट कॅनडाचं, म्हणजे इथल्या वाहतूक खात्याचं, मेडिकल, लेखी परीक्षा आणि फ्लाइट टेस्ट परत द्यावी लागते. शिवाय इथे काम करायचा हक्क हवा, म्हणजे माझ्यासारख्याला आधी पीआर (कायमच्या वास्तव्याचा परवाना). त्याशिवाय अर्ज कुणी उघडूनही बघत नाही.

माझे पहिले आठ महिने रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी करतात त्या जागेवर, गेले. उणे पस्तीसमध्ये सामान चढवायचं, पंखांवरचा बर्फ काढायचा. घरी फोनवर 'उडतोय ना?' विचारलं की घसा दाटून यायचा. मग कॅनडाच्याच मॅनिटोबा प्रांताच्या उत्तर भागातल्या वस्त्यांना किराणा आणि माणसं नेणारं कॅरव्हॅन विमान मिळालं, पुढे रुग्ण नेणारं किंग एअर विमान. खडीच्या धावपट्ट्या, खराब हवा, आणि 'आज जायचं नाही' हे स्वतः ठरवण्याची सवय. बर्ड डॉगच्या मुलाखतीत मला सगळ्यात जास्त विचारलं गेलं ते याबद्दलच: कधी मागे फिरलास आणि का? दीड हजारांहून जास्त तास होते, पण त्या उत्तरांनी काम झालं असं मला वाटतं.

पुढे बर्ड डॉगवरून टँकरवर जाता येतं. एटी-८०२ हे एका वैमानिकाचं, सुमारे ३,००० लिटर नेणारं विमान आहे. मूळचं शेतीफवारणीचं, शेपटाखाली चाक असलेलं. तिकडे ओढा असेल तर टेलव्हीलचे तास आधीपासून जमवा. मल्टी-इंजिन (एकाहून जास्त इंजिनांचं विमान) आणि इन्स्ट्रुमेंट (फक्त उपकरणं बघून उडणं) रेटिंग तर हवंच.

काम हंगामी आहे. वसंतापासून सप्टेंबरपर्यंत तळावर, हाक आली की काही मिनिटांत हवेत, आणि कित्येक दिवस नुसतं थांबणं. माझ्या मुलीचे तीन वाढदिवस मी फोनवर बघितले. लग्न ठरवताना हे समोरच्याला स्पष्ट सांगा. हिवाळ्यात काही जण ऑस्ट्रेलियाच्या हंगामाला जातात, मी सिम्युलेटरवर शिकवतो. सराव वसंतात सुरू होतो, म्हणून अर्ज आदल्या शरद ऋतूतच पाठवा.

भारतात राहूनच हे करायचं असेल तर आज त्याची वाट मुख्यतः हवाई दलातून जाते. एप्रिल २०२४ मध्ये नैनितालजवळच्या वणव्यावर हवाई दलाच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरने भीमताल तलावातून बांबी बकेट, म्हणजे हेलिकॉप्टरखाली लटकवलेली बादली, भरून पाणी टाकलं होतं. बारावीनंतर एनडीए, पदवीनंतर एएफकॅट (हवाई दलाची प्रवेश परीक्षा), आणि मग हेलिकॉप्टर. बाबांनी ती बातमी कापून ठेवली आहे, आणि त्यांना विचारायला येणाऱ्या पोरांना ते आधी तीच दाखवतात.