परसातल्या खताच्या ढिगात काय घालावं, काय नको

मे संपायच्या आत पातेरा गोळा करून ठेवा. आंबा, फणस, काजू यांची वाळलेली पानं गोणींत दाबून भरायची आणि पागोळ्या पोहोचणार नाहीत अशी पडवीत ठेवायची. खत कुजून घाण मारतं ते बहुतेक वेळा सुकं कमी पडल्यामुळे. पहिल्या वर्षी मी पातेरा साठवलाच नाही. श्रावण लागेपर्यंत माझ्या ढिगाचा काळा काला झाला होता.

जागा सावलीतली घ्या. आपल्याकडच्या पावसात उघडा ढीग टिकत नाही, म्हणून वर पत्रा हवाच. तळाशी नारळाची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, पसरा, म्हणजे पाणी निथळतं. ढीग साधारण 1 मीटर लांब, रुंद आणि उंच असला की आतून तापतो.

मग रोजचं माप: 1 बादली ओलं, त्यावर 2 ते 3 बादल्या पातेरा. तांबड्या भाजीची देठं, केळ्याच्या आणि कांद्याच्या साली, चहाचा चोथा, चुरडलेली अंड्याची कवचं, जेवून झालेलं केळीचं पान, सगळं चालतं. फणसाची चारखंडं, म्हणजे काटेरी जाड सालं, मात्र कोयत्याने बोटाएवढी तोडा, नाहीतर महिनाभर तशीच बुळबुळीत पडून राहतात. काजूच्या बोंडांत साखर फार. पातळ थर द्या आणि लगेच माती टाका, नाहीतर चिलटांचा थवा थेट स्वयंपाकघरात येतो.

नारळाबद्दल सर्वांत जास्त विचारतात. रस काढून उरलेला चोथा घालावा, पण मूठभर आणि पसरून. त्यात तेल असतं, गोळा पडला की आंबतो आणि मुंग्या लागतात. करवंटी घालू नका, ती वर्षानुवर्षं कुजत नाही. न्हाणीचं पाणी तापवायला तिच्यासारखं जळण नाही.

आता मासळी. बांगड्याची डोकी एकदा मी वीतभर पातेऱ्याखाली पुरली. रात्री कुत्र्यांनी ढीग उपसला, सकाळी शेजारच्या वहिनींच्या तुळशीपाशी एक डोकं पडलेलं. तेव्हापासून डोकी, आतडी, कोलंबीची टरफलं माडाच्या बुंध्यापासून थोडं लांब, हातभर खोल खड्ड्यात पुरतो आणि वर दगड ठेवतो. मासे धुतलेलं पाणीही माडालाच. हाडं, उरलेलं हुमण (माशांची आमटी), तळणीचं तेल, दूध यांतलं काही ढिगात नको. तिसऱ्या खाऊन उरलेल्या शिंपल्याही नकोत, त्या कुजायच्या नाहीत.

चवथीनंतर माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या चौकटीची, फळं उतरवाल तेव्हा आधी प्लास्टिकचे दोर आणि तारा सोडवा. निर्माल्य घालताना चमकी, जरी काढा. ती खतात तशीच उरते आणि मग वाफ्यात चमकत बसते.

आठवड्यातून एकदा फावड्याने खालवर करा. मूठभर उचलून पिळा: एखाददुसरा थेंब आला तर ओल ठीक, धार लागली तर अजून पातेरा, काहीच नाही आलं तर पाणी शिंपडा. अडीच-तीन महिन्यांत माती सुटी, गडद होते आणि पहिल्या पावसासारखा वास येतो. पावसाळ्यात थोडं जास्त लागतं. चाळून घ्या. चाळणीत उरलेले आंब्याचे बाठे आणि काटक्या नव्या ढिगाच्या तळाशी टाका.