भंगारातल्या लोखंडाचं रायफल टार्गेट कसं बनवायचं: निवडणं, कापणं, टांगणं

कागदावर नेम मारून मारून कंटाळा आला की माणूस लोखंडाकडे वळतोच. गोळी लागली की ठण्ण करून आवाज येतो, प्लेट हलते, लागलं की नाही ते तिथल्या तिथे कळतं, दर वेळी चालत जाऊन भोकं मोजायला नकोत. इकडे टेक्सासमध्ये ज्यांच्या ओळखीत कुणाचं रँच आहे असे आपले बरेच मराठी लोक आता वीकेंडला शूटिंगला जायला लागलेत, आणि तयार टार्गेट प्लेटच्या किमती बघितल्या की भंगार यार्ड आठवतंच, तिथे लोखंड पाउंडाच्या भावाने मिळतं. करायला काहीच हरकत नाही, पण नीट करा, कारण चुकीच्या लोखंडावर मारलेल्या गोळीचे तुकडे उलटे येऊन डोळ्यात जाऊ शकतात.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बाकी सगळं त्यावर आहे. लोखंड जाडीवरून निवडायचं नाही, कडकपणा आणि सपाटपणा बघून निवडायचं. शिशाची, वरून तांब्याचं आवरण असलेली साधी गोळी कडक सपाट प्लेटवर आदळली की तिचा भुगा होतो आणि ते तुकडे प्लेटच्या पृष्ठभागाला धरून चारी बाजूंना आडवे उडतात. प्लेट मऊ असेल तर गोळी आत घुसून खड्डा करते, त्या खड्ड्याला वर आलेली काठ येते, आणि पुढची गोळी त्या खड्ड्यात पडली की तुकडे आडवे जायच्या ऐवजी वळून मारणाऱ्याकडे येतात. नळाखाली ताट धरलं तर पाणी आडवं पसरतं आणि चमच्याची खोलगट बाजू धरली तर उसळून अंगावर येतं, अगदी तसंच.

आता कडक म्हणजे किती? नेहमीचं माइल्ड स्टील, म्हणजे अँगल, चॅनेल, बेस प्लेट वगैरे, ब्रिनेल मापात (धातूचा कडकपणा मोजायचं माप) साधारण १२० ते १५० असतं. टार्गेटसाठी वापरतात ते एआर ५०० स्टील ५०० च्या आसपास. मधे एआर ४०० येतं. हे एआर स्टील मुळात टार्गेटसाठी बनतच नाही, ते झीज सोसायला बनतं, खाणीतल्या डंपरच्या बॉडीचं अस्तर, लोडरच्या बकेटच्या प्लेटा, क्रशरच्या च्यूटचं लायनर, अशा ठिकाणी लावतात. म्हणजे भंगार यार्डात गेल्यावर शोधायचं ते हेच. टेक्सासात चुनखडीच्या खाणी भरपूर, त्यामुळे त्या भागातल्या यार्डात असले लायनर अधूनमधून येतात. यार्डवाल्याला सरळ सांगा की वेअर प्लेट हवीय, त्याला कळतं. प्लेटवर कधीकधी ग्रेडचा शिक्का किंवा स्टेन्सिल असतं, हार्डॉक्स ४५० (हे पण वेअर प्लेटचंच नाव) किंवा एआर ५०० असं काही वाचता आलं तर अर्धं काम झालं.

शिक्का नसेल तर टेस्ट करा. हार्डवेअरच्या दुकानात ऑटोमॅटिक सेंटर पंच मिळतो, दाबला की आतली स्प्रिंग सुटते आणि दर वेळी जवळपास सारखाच ठोका बसतो. आधी माहितीच्या माइल्ड स्टीलच्या तुकड्यावर एक ठोका द्या, मग यार्डातल्या प्लेटवर गंज घासून एक द्या आणि दोन्ही ठिपके शेजारी शेजारी बघा. माइल्ड स्टीलवर छान गोल खळगा पडतो, नख फिरवलं तर अडकतं. कडक प्लेटवर टाचणीच्या टोकाएवढी खूण पडते, नख सरकून जातं. ही काही लॅबची टेस्ट नाही, पण मऊ आणि कडक यातला फरक शंभर टक्के दाखवते. दोन्ही ठिपके सारखेच दिसले तर ती प्लेट फक्त पॉइंट टू टू च्या, म्हणजे छोट्या, हळू गोळीच्या रायफलच्या कामाची असं समजून चाला.

घासून पातळ झालेल्या, वाकलेल्या, बोल्टची खोल भोकं असलेल्या प्लेटा घेऊ नका. भोकाच्या कडेवर गोळी लागली तर ती कुठे जाईल याचा काही नेम नाही. मोठ्या लायनरमधून भोकं वगळून मधला सपाट तुकडा कापून घेता येतो.

काय अजिबात आणायचं नाही ते पण ऐका, कारण फुकट मिळतं म्हणून लोक काहीही उचलून आणतात. ब्रेक रोटर, ब्रेक ड्रम, जुने तवे, इंजिन ब्लॉक हे सगळं बिडाचं, बीड ठिसूळ असतं, फुटून धारदार कपच्या उडतात. रेल्वेचा रूळ कडक असतो पण गोलसर आहे, त्यावरून गोळी कुठल्याही दिशेला घसरते. प्रोपेनची टाकी रिकामी दिसली तरी नाही, तेलाचे बंद ड्रम नाही, गाडीची बॅटरी नाही, फ्रिज नाही, टीव्ही नाही. शेतातल्या डिस्क हॅरोची तबकडी लोकांना फार आवडते कारण आवाज मस्त घुमतो, पण ती खोलगट आहे, आणि खोलगट बाजू कधीच मारणाऱ्याकडे करायची नाही. माझं स्पष्ट मत आहे की सेंटरफायर रायफलसाठी, म्हणजे पॉइंट टू टू पेक्षा जोरदार नेहमीच्या रायफलींसाठी, ती तबकडी वापरूच नये.

बंदूक आणि प्लेट यांची जोडी जमवणं ही पुढची पायरी. इथे लोकांचा अंदाज हमखास चुकतो, त्यांना वाटतं मोठी गोळी जास्त नुकसान करते. प्लेटला खड्डा पाडतो तो मुख्यतः वेग. पॉइंट टू टू थ्री ची छोटीशी ५५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला ३,२०० फुटांच्या आसपास निघते, तर तिच्या तिप्पट जड १६८ ग्रेनची पॉइंट थ्री झिरो एट साधारण २,६५० फुटांनी, त्यामुळे जवळून मारलं तर ती छोटी गोळीच प्लेटची जास्त वाट लावते. एआर ५०० ला सुद्धा आदळतानाचा वेग ३,००० फुटांच्या खालीच ठेवायचा. म्हणून रायफलसाठी कमीत कमी १०० यार्ड अंतर, म्हणजे ९१ मीटर, आणि पॉइंट टू टू थ्री असेल तर मी म्हणेन अजून मागे सरका. जाडी ३/८ इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर, ही नेहमीच्या रायफलींना पुरते, मॅग्नम, म्हणजे जास्त दारूचं जोरदार काडतूस, असेल तर अर्धा इंच घ्या. पॉइंट टू टू रिमफायरचा वेग १,१०० ते १,२५० फूट, तिला ३/८ इंचाचं सपाट माइल्ड स्टील चालून जातं, तरी २५ यार्डांच्या आत येऊ नका, मऊ शिसं असलं तरी त्याचे तुकडे उडतातच.

गोळ्यांना चुंबक लावून बघा. डब्यातली एक गोळी काढायची, फ्रिजवरचं मॅग्नेट तिच्या टोकाला लावायचं, चिकटलं तर आत किंवा आवरणात पोलाद आहे, ती गोळी प्लेटवर मारायची नाही. एम ८५५ म्हणतात ती हिरव्या टोकाची गोळी यातच येते, तिच्या आत पोलादी टोक असतं आणि ते चांगल्या प्लेटला पण खड्डा पाडतं. फक्त केस, म्हणजे काडतुसाची मागची नळी, चिकटत असेल आणि टोक चिकटत नसेल तर ठीक.

आता कापणं. एआर स्टीलचा कडकपणा उष्णतेच्या ट्रीटमेंटने आणलेला असतो, त्यामुळे परत तापवलं की जातो, २०० ते २५० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की मऊ व्हायला सुरुवात. गॅस टॉर्चने कापलं तर कडेचा चांगला रुंद पट्टा मऊ पडतो आणि मग तिथेच खड्डे पडतात. वॉटरजेटने कापून मिळालं तर सगळ्यात बेस्ट, नाहीतर प्लाझ्मा, त्यात मऊ पडणारा पट्टा अरुंद असतो. फॅब्रिकेशनच्या दुकानात ड्रॉइंग देऊन टांगायची भोकं पण त्यातच पाडून घ्या, कारण हे स्टील घरच्या ड्रिलने भोक पाडू देत नाही, बिटं जळतात नुसती. प्लेटवर वेल्डिंग करून हुक लावायचा मोह होतो, तो टाळा, तीच गरमीची अडचण. साइज म्हणाल तर १०० यार्डांवर नवशिक्याला ८ ते १० इंचाची प्लेट द्या, लागण्यातला आनंद मिळाला पाहिजे, मग हळूहळू लहान करत न्या.

टांगायला साखळी लोक लावतात कारण सोपी आहे, पण गोळी कडीवर बसली की कडीचे तुकडे उडतात. त्यापेक्षा जुन्या कन्व्हेयर बेल्टच्या किंवा फायर होजच्या पट्ट्या घ्या, त्या पण भंगारातच मिळतात, गोळी आरपार गेली तरी पट्टी धरून ठेवते. अर्ध्या इंचाचा गोल डोक्याचा कॅरेज बोल्ट पुढून घालायचा, मागून पट्टी आणि नट. प्लेट आणि पट्टीमधे एखादी जाड स्प्रिंग किंवा दोनचार वॉशर घातले की प्लेटची वरची बाजू मारणाऱ्याकडे झुकते, साधारण २० अंश झुकली पाहिजे म्हणजे उडणारे तुकडे जमिनीत जातात. खालची जमीन मऊ हवी, दगडगोटे वेचून काढा, जमल्यास वाळूचा थर टाका, शिशाचे तुकडे त्यातच साठतात आणि नंतर चाळून काढता येतात. प्लेट हलती असणं चांगलंच, धक्का थोडा खाल्ला जातो. फ्रेम टू बाय फोर (दोन बाय चार इंची) लाकडाची करा, तुकड्यांनी चिरत जाते पण बदलायला स्वस्त.

प्लेटच्या मागे मातीचा उंच बांध पाहिजे म्हणजे पाहिजे. चुकलेली गोळी कुठे जाणार याचं उत्तर तुमच्याकडे नसेल तर बंदूक बाहेर काढूच नका. टेक्सासात गोळी जमिनीची हद्द ओलांडून शेजाऱ्याच्या जागेत गेली तर गुन्हा आहे. ॲरिझोना, युटाकडे जे सरकारी जमिनीवर मारायला जातात त्यांनी आणलेलं सगळं परत न्यायचं, प्लेट, स्टँड, केसेस, सगळं.

आगीचं लोक फारसं मनावर घेत नाहीत आणि मला त्याची खरंच काळजी वाटते. अमेरिकन फॉरेस्ट सर्व्हिसने २०१३ साली याचा अभ्यास केला, पोलादी प्लेटवर गोळ्या मारून तुकडे सुक्या पालापाचोळ्यासारख्या थरात पाडले, तर तुकड्यांचं तापमान ८०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतं असं दिसलं आणि आग लागली पण. पोलाद असलेल्या आणि सॉलिड कॉपर गोळ्यांनी जास्त, शिशाच्या साध्या गोळ्यांनी क्वचित. २०१२ च्या जूनमध्ये युटात सॅराटोगा स्प्रिंग्सजवळ लागलेला डंप फायर टार्गेट शूटिंगमुळेच लागला होता, हजारो लोकांना घरं सोडावी लागली. तेव्हा प्लेटच्या भोवतीचं गवत मातीपर्यंत काढा, पाणी आणि फावडं जवळ ठेवा, काउंटीत बर्न बॅन (उघड्यावर आग पेटवायला बंदी) असेल त्या दिवशी कागदावर मारा.

एच-१बी किंवा एफ-१ वर असलेल्यांनी हे जरूर वाचा. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगता येत नाहीत, काही अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. मित्राची रायफल हातात घेणंही यात येऊ शकतं. ग्रीन कार्डवाल्यांना हा नियम नाही. आधी वकिलाला विचारा, मग रँचवर जा, एका वीकेंडसाठी स्टेटस धोक्यात घालू नका.

प्रत्यक्ष मारायच्या दिवशी चष्मा आणि कानाचं संरक्षण सगळ्यांना, मारणाऱ्याला, मागे खुर्ची टाकून बसलेल्यांना आणि पोरांनासुद्धा. चष्म्यावर झेड ८७ असा (सुरक्षा चष्म्याच्या अमेरिकन मानकाचा) शिक्का असतो तो बघून घ्या, नेहमीचा नंबरचा चष्मा पुरत नाही. रायफलचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो, कापसाचे बोळे काही कामाचे नाहीत. प्लेटच्या आडव्या रेषेत बाजूला कोणी उभं राहायचं नाही, तुकडे तिकडेच जातात. स्वस्तातला पांढरा स्प्रे पेंट मारून ठेवा, लागलेली प्रत्येक गोळी करडा फराटा उमटवते, लांबून सुद्धा दिसते, दर राउंडनंतर परत पेंट. जवळ गेलाच आहात तर तळहात फिरवून पृष्ठभाग तपासा, हातमोजे घालून. नुसते डाग असतील तर काही नाही, बोट अडकेल असा खड्डा किंवा चीर दिसली की ती प्लेट रायफलसाठी संपली. थोडी वाकली असेल तर उलटी करून टांगा. खाण्याआधी साबण आणि थंड पाण्याने हात धुवा, शिसं पोटात जाता कामा नये, आणि ते कपडे बाकीच्या धुण्यात टाकू नका.

भारतातल्या मंडळींसाठी थोडं. तिकडे सेंटरफायर आणि लोखंड हा विषय तुमच्या कामाचा नाही, पण एअर रायफल आहे. पॉइंट वन सेव्हन सेव्हन बोअरची, २० ज्यूलच्या आतली एअर रायफल विनापरवाना घेता येते, आणि तिच्या शिशाच्या छर्ऱ्यांना ३ ते ४ मिलिमीटरची सपाट माइल्ड स्टीलची पट्टी भरपूर झाली. एमआयडीसीतल्या कुठल्याही फॅब्रिकेटरकडे कटिंगचे उरलेले गोल तुकडे पडलेले असतात, सळईवर ओवून फिरते टार्गेट छान होतं. अंतर १० मीटर, मागे वाळूची पोती, डोळ्याला गॉगल. पोलादी बीबी छर्रे मात्र लोखंडावर कधीच मारायचे नाहीत, ते फुटत नाहीत, जसेच्या तसे परत येतात.