जेट बोटीत डिझेल इंजिन बसवताय? आधी या चुका टाळा

बोट पाण्यात उतरवली, थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलला. नवं डिझेल इंजिन मिनिटाला 2800 फेऱ्यांवर एकसुरात चालतंय, धूर नाही, तापमान जागेवर. आणि बोट मात्र नाक वर करून पाणी ढकलत बसलीय, पाण्यावर चढायचं नाव घेत नाही. पेट्रोलची जेट बोट डिझेलवर नेणाऱ्या बऱ्याच जणांच्या वाट्याला पहिल्या दिवशी हेच दृश्य येतं. मग इंजिनात डिझेल फवारणारे नोझल तपासले जातात, फ्युएल पंप उतरवला जातो, टर्बोवर संशय घेतला जातो. खरं तर इंजिनात दोष नसतो. बोट पुढे ढकलणाऱ्या मागच्या पंपाला पुरेसे फेरेच मिळत नसतात.

मी डिझेल शिकलो ते रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरवर. तिथे पंखा पाण्यात सावकाश फिरावा लागतो, म्हणून गिअरबॉक्स इंजिनाचे फेरे कमी करतो. न्यूझीलंडला आल्यावर वायमाकारिरीसारख्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या नद्यांवर जेट बोटी पाहिल्या, तेव्हा हे शिक्षण उलटं करून घ्यावं लागलं. जेट बोटीला पंखाच नसतो. तळाच्या जाळीतून पाणी आत ओढायचं आणि मागच्या नोझलमधून जोरात फेकायचं, एवढंच तिचं काम. इथल्याच बिल हॅमिल्टन यांनी 1950 च्या दशकात या उथळ नद्यांसाठी ती घडवली. 1960 मध्ये त्यांच्या बोटी कोलोरॅडो नदीच्या ग्रँड कॅनियनमधून प्रवाहाविरुद्ध वर गेल्या. 1977 मध्ये एडमंड हिलरी अशाच बोटींनी गंगासागरहून निघून नंदप्रयागपर्यंत पोचले. त्यामुळे जेट बोट विकत घेता किंवा बदलता तेव्हा तुमच्या हातात आधी एक पंप असतो. इंजिन त्या पंपासाठी निवडायचं.

पहिली आणि सगळ्यात महागडी चूक: एचपी जुळवणे, फेरे न जुळवणे

पंप किती ताकद खातो हे फेऱ्यांच्या तिसऱ्या घातावर ठरतं. फेरे निम्मे केले, तर ताकद अर्धी होत नाही, एक अष्टमांश होते. समजा, तुमचा पंप पेट्रोलच्या व्ही-8 इंजिनावर 4500 फेऱ्यांना 300 एचपी खात होता. त्याच्याशी 300 एचपीचं, पण 2800 फेऱ्यांवर गव्हर्नर (फेऱ्यांना मर्यादा घालणारा भाग) अडवणारं डिझेल थेट जोडलं, तर पंप खाणार जेमतेम 72 एचपी. उरलेली ताकद इंजिनात आहे, पण ती घ्यायला कुणी नाही. म्हणून धूर नाही, म्हणून तापत नाही, आणि म्हणूनच बोट उठत नाही.

जास्त पाणी ओढणारा इम्पेलर (पंपाच्या आत फिरणारं पात्यांचं चाक) लावून हे भागेल असं अनेकांना वाटतं. दहा-वीस टक्क्यांची तफावत इम्पेलर भरून काढतो, चौपटीची नाही. खरे मार्ग तीनच. फेरे वाढवणारा गिअरबॉक्स मध्ये घालायचा: 1.6 पट वाढवणारा असेल, तर 2800 चे 4480 होतात. किंवा जेट युनिटच बदलून मोठं, कमी फेऱ्यांचं घ्यायचं. किंवा मुळातच जलद फिरणारं डिझेल निवडायचं. यानमारचं 6 एलपीए हे 4.2 लिटरचं इंजिन 3800 फेऱ्यांवर 315 एचपी देतं आणि वजनाला साधारण 400 किलो आहे. पैशाची सोय असेल, तर मी मोठ्या जेट युनिटचा मार्ग धरतो, कारण त्यात मधले सांधे कमी राहतात. गिअरबॉक्स घेतलाच, तर एक गोष्ट आधी पाहा: एकमेकांत अडकलेली दोनच दातेरी चाकं असलेला बॉक्स फिरण्याची दिशा उलटवतो. इम्पेलर एकाच दिशेने फिरायला बनलेला असतो. हे बोट पाण्यात गेल्यावर कळलं, तर सगळं पुन्हा उचलावं लागतं.

याला लागून दुसरी चूक येते. 300 एचपी 4500 फेऱ्यांना म्हणजे साधारण 475 न्यूटन मीटर पीळ (टॉर्क); तेच 2800 ला सुमारे 760. त्यात डिझेलचा प्रत्येक स्फोट शाफ्टला हातोड्यासारखा बसतो. जुना शाफ्ट, त्याच्या सांध्यांतले जुने क्रॉस आणि मध्ये झटके शोषणारं रबरी डँपर कपलिंग नाही, असं असेल तर शाफ्टचे दाते खाल्ले जातात. थ्रॉटल सोडताना खडखड ऐकू आली, तर त्याच दिवशी कपलिंग उघडा.

वजन आणि आगीची भीती

शेव्हरलेचं 5.7 लिटर व्ही-8 अंदाजे 260 किलो भरतं. कमिन्सचं 5.9 लिटरचं सहा सिलिंडरी डिझेल मोकळंच 500 च्या घरात जातं, वर हीट एक्स्चेंजर (इंजिनाची उष्णता नदीच्या पाण्याला देणारा भाग) आणि गिअरबॉक्स वेगळे. म्हणजे तीन धडधाकट माणसं कायमची बोटीत बसवल्यासारखं. बोट जड झाली की ती पाण्यावर चढायला वेळ घेते, आणि त्या मंद वेगात पूर्ण ताकद दिली की पंपात पाण्याचे बुडबुडे फुटू लागतात. गोटे वाजल्यासारखा आवाज येतो. थ्रॉटल थोडा मागे घेतल्यावर आवाज थांबला, तर ते बुडबुडे. तरीही थरथर राहिली, तर जाळीत खरोखरच दगड किंवा गवत अडकलंय.

नव्या इंजिनासाठी तळाचे आडवे-उभे बीम वाढवावे लागतात, वेल्डिंग होतं. इथे मी कुणालाही घाई करू देत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, तळाशी साचते, आणि उणे 40 अंशांच्या आसपासच्या थंडीतही पेट घेऊ शकते. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण आत वाफच वाफ असते. टाकी, नळ्या, कार्बोरेटर सगळं बोटीबाहेर, तळ धुऊन आणि वारा खेळवून कोरडा, मगच वेल्डिंगची ठिणगी.

पाणी कुठून येतं?

बहुतेक पेट्रोल जेट बोटींत इंजिन थंड ठेवायचं पाणी जेटच्याच दाबाने, सरळ नदीतून ब्लॉकमध्ये जातं. तीच नळी डिझेलला जोडणं ही मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक. इंजिन नुसतं चालू असताना जेटचा दाब अगदी कमी असतो, पूर्ण वेगात खूप वाढतो. शिवाय न्यूझीलंडच्या साउथ आयलंडच्या बर्फातून येणाऱ्या नद्यांत दगडाचं पीठ असतं, आणि पाणी इतकं गार की डिझेल कधी नीट तापतच नाही. मग पांढरा धूर येत राहतो आणि सिलिंडर झिजतात.

आत कूलंट फिरणारी बंद प्रणाली, तिच्यासाठी हीट एक्स्चेंजर, आणि नदीचं पाणी ओढायला इंजिनावर चालणारा वेगळा पंप हवा. त्या पंपाचा रबरी इम्पेलर गाळात लवकर झिजतो. एक जादा कायम बोटीत ठेवा. गाळण्या दोन लावा, म्हणजे चालत्या बोटीत एक साफ करता येते. टर्बोनंतरची हवा गार करणाऱ्या कूलरच्या नळ्याही गाळाने भरतात. अचानक काळा धूर आणि ताकद कमी, पण इंजिनाचं तापमान ठीक, असं झालं की आधी तो कूलर उघडा.

एक्झॉस्टबद्दल एवढंच, पण ते विसरू नका. जेट बोट पूर्ण वेगातून एकदम थांबते किंवा जागच्या जागी गर्रकन वळते, तेव्हा तिनेच उठवलेली लाट मागून चढते आणि एक्झॉस्टमध्ये शिरते. पाणी सिलिंडरपर्यंत गेलं, तर ते दबत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्याची फवारणी टर्बोच्या पुढे, उताराकडेच सोडा. त्याआधीची नळी पाण्याच्या पातळीपेक्षा चांगली उंच घ्या, आणि तोंडाला झडप लावा. नळी अरुंद राहिली, तर टर्बोला श्वास सोडता येत नाही.

टाकी, तारा आणि लॅनयार्ड

डिझेल इंजिन वापरलेलं नाही ते इंधन गरम करून टाकीत परत पाठवतं, तेव्हा कार्बोरेटरच्या बोटीत नसलेली परतीची नळी घालावी लागते. जुन्या टाकीत पेट्रोल उरलं, तर फ्युएल पंपाचं वंगण जातं. जस्ताचा लेप असलेली टाकी डिझेलला चालत नाही. पाणी वेगळं करणारा फिल्टर आधी, बारीक फिल्टर नंतर. इंजिनाचे फेरे खालीवर झुलत असतील, तर ओढणाऱ्या बाजूची एखादी क्लिप ढिली आहे आणि हवा धरली जातेय.

जुना आरपीएम मीटर इग्निशन कॉइलवरून चालत होता. तो आता मुका होईल, अल्टरनेटरवरून किंवा फ्लायव्हीलच्या सेन्सरवरून सिग्नल घ्या. पण यापेक्षा गंभीर गोष्ट लॅनयार्डची. चालक बोटीबाहेर पडला की मनगटाची दोरी सुटते आणि पेट्रोल इंजिनाची ठिणगी बंद होते. डिझेलला ठिणगीच नाही. त्या दोरीचा स्विच इंधन बंद करणाऱ्या सोलेनॉइडला (विजेवर चालणाऱ्या झडपेला) जोडला नाही, तर बोट माणसाला पाण्यात सोडून पुढे धावत राहील. धक्क्याला बांधलेल्या बोटीत दोरी ओढून इंजिन बंद पडतं का, हे पाहिल्याशिवाय मी बोट सोडत नाही.

इंधनाचा हिशोब मांडूनच या कामात पडा. पूर्ण 300 एचपी घेताना पेट्रोल तासाला साधारण 90 लिटर जातं, डिझेल 60 च्या आसपास. पर्यटक घेऊन रोज आठ तास धावणाऱ्या बोटीला हा फरक काही हंगामांत खर्च भरून देऊ शकतो. वर्षाला तीस तास चालणाऱ्या घरच्या बोटीला मी सरळ सांगतो: जुनं व्ही-8 नीट उघडून बांधून घ्या, आणि जेटच्या इम्पेलरभोवतीची झिजलेली रिंग बदला.

आणि काम हातात घेण्याआधी जुन्या इंजिनावर, भरल्या वजनात, कोणत्या फेऱ्यांना किती वेग मिळतो ते लिहून ठेवा. डिझेल बसवल्यावर त्याच नदीत, तेवढ्याच वजनात तेच आकडे पुन्हा घ्या. फेरे गव्हर्नरच्या मर्यादेला भिडले आणि वेग कमी, तर पंपावर भार कमी पडतोय किंवा तो हवा ओढतोय. फेरे पोचतच नाहीत आणि काळा धूर, तर भार जास्त आहे, नाहीतर इंजिनाला हवा पुरत नाहीये.