जागा बदलल्यावर बंद पडलेले सॉफ्टवेअर: ठरावीक पाथची अडचण कशी सोडवावी

सॉफ्टवेअरचे फोल्डर सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर हलवले, किंवा विंडोजमध्ये वेगळ्या नावाचे युजर खाते तयार केले, की काही प्रोग्राम 'फाइल सापडली नाही' अशी तक्रार करू लागतात. फाइल शाबूत असते; प्रोग्राम मात्र ती जुन्याच जागी शोधत राहतो, कारण तिचा पूर्ण पाथ, म्हणजे ड्राइव्हपासून फाइलपर्यंतचा पत्ता, कोडमध्ये, सेटिंग फाइलमध्ये किंवा रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) जसाच्या तसा लिहून ठेवलेला असतो.

सर्वप्रथम प्रोग्राम नेमका कुठे शोधत आहे ते पाहावे. अंदाजाने फाइली इकडेतिकडे कॉपी करत बसू नये. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचे 'प्रोसेस मॉनिटर' हे मोफत साधन उघडावे, त्यात संबंधित प्रोसेसच्या (चालू प्रोग्रामच्या) नावाचा फिल्टर लावावा, अडलेली कृती पुन्हा करावी आणि 'रिझल्ट' या रकान्यात 'नेम नॉट फाउंड' किंवा 'पाथ नॉट फाउंड' असे लिहिलेल्या ओळी वाचाव्यात. अशा ओळी ढिगाने दिसतील, पण त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात, कारण एकच डीएलएल फाइल (प्रोग्रामला लागणाऱ्या सामाईक कोडची फाइल) अनेक फोल्डरांत क्रमाने शोधली जाते. आपल्याला हवी ती जुन्या फोल्डरचे नाव असलेली ओळ. लिनक्सवर हेच काम 'एसट्रेस' ही कमांड करते.

तो पाथ हाती लागला की इन्स्टॉलेशनच्या व 'ॲपडेटा' (युजरच्या सेटिंग ठेवण्याच्या) फोल्डरमधील आयएनआय, एक्सएमएल आणि जेसन या प्रकारच्या सेटिंग फाइलींत त्याचा शोध घ्यावा, आणि मूळ फाइलची प्रत ठेवूनच बदल करावा. जेसनमध्ये प्रत्येक बॅकस्लॅश दोनदा लिहिलेला असतो, म्हणून पूर्ण पाथऐवजी फक्त फोल्डरच्या नावाने शोधणे बरे.

पाथ प्रोग्रामच्या ईएक्सई फाइलच्या आतच असेल, तर ती फाइल उसवू नये. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एमकेलिंक' ही कमांड 'स्लॅश जे' या पर्यायासह चालवून जुन्या जागेवरून नव्या फोल्डरकडे जंक्शन, म्हणजे तिकडे वळवणारा दुवा, तयार करावे. कमांडमध्ये आधी जुना पाथ येतो आणि मग नवा, आणि जुन्या जागी त्याच नावाचे फोल्डर शिल्लक असेल तर कमांड नाकारली जाते. ही तात्पुरती सोय आहे. ती वर्षानुवर्षे चालते हे खरे, पण पुढच्या माणसाला तिचा पत्ता नसतो, म्हणून कुठेतरी नोंद करून ठेवावी.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेचे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका प्रकल्पापुरती पॅकेजे ठेवणारे स्वतंत्र फोल्डर) हलवण्याच्या फंदात पडू नये. त्यातील स्क्रिप्टमध्ये इंटरप्रिटरचा (पायथनचा कोड चालवणाऱ्या प्रोग्रामचा) पूर्ण पाथ लिहिलेला असतो. 'पिप फ्रीझ' या कमांडने पॅकेजांची यादी काढून नव्या जागी ते पुन्हा तयार करावे.

स्वतः स्क्रिप्ट लिहिताना स्क्रिप्ट जिथे आहे तिथूनच पुढचा पाथ काढावा. नुसता सापेक्ष पाथ पुरेसा नाही, कारण तो चालू फोल्डरपासून, म्हणजे प्रोग्राम त्या क्षणी ज्या फोल्डरमध्ये काम करत आहे तिथून, मोजला जातो. हाताने चालवलेली स्क्रिप्ट नीट चालते आणि 'टास्क शेड्युलर' या ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या विंडोजच्या साधनातून तीच अडखळते, कारण तिथे 'स्टार्ट इन' हा रकाना रिकामा असला की चालू फोल्डर सहसा विंडोजचे 'सिस्टम ३२' असते.