पाटीवर ‘इंटरनॅशनल’, आत बालवर्ग: शाळा कशी पाहावी आणि जूनपर्यंत घरी काय करावं

जळगाव असो, धुळे, शिरपूर की नंदुरबार, गावाबाहेर पडताना रस्त्याच्या कडेला एखादी ‘इंटरनॅशनल स्कूल’ची कमान लागतेच. नावात हा शब्द असला म्हणजे आत परदेशी अभ्यासक्रम असेलच असं नाही. कित्येकदा आत सीबीएसई असतं, आणि त्यात काही वाईटही नाही. फक्त आपण कशाचे पैसे भरतोय ते आधी कळायला हवं. तीन ते सहा वयाच्या मुलांच्या पालकांनी पुढची कामं साधारण याच क्रमाने केली तर जूनमधली धावपळ बरीच कमी होते.

आधी फोनवर एकच प्रश्न

“बालवर्गाला तुम्ही कोणता आराखडा वापरता?” एवढंच विचारा. उत्तर सहसा पुढच्यांपैकी एक येतं.

आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट. ही संस्था १९६८ मध्ये जिनिव्हात सुरू झाली आणि तिचा पीवायपी हा ३ ते १२ वयाचा कार्यक्रम १९९७ पासून आहे. तो शिकवायला शाळेला रीतसर मान्यता लागते. “आम्ही कँडिडेट आहोत” याचा अर्थ मान्यता अजून मिळालेली नाही. आयबीच्या संकेतस्थळावर शाळेचं नाव टाकून दोन मिनिटांत खात्री करता येते. केंब्रिज या ब्रिटिश परीक्षा मंडळाचाही ३ ते ६ वयाचा वेगळा कार्यक्रम आहे, तिथेही नोंदणी तपासा. ईवायएफएस हा इंग्लंडचा सरकारी आराखडा, जन्मापासून पाच वर्षांपर्यंतचा, २००८ पासून लागू. त्यात शिकण्याची सात क्षेत्रं आहेत. बोलणं-ऐकणं, शरीराची वाढ आणि भावना-मैत्री ही तीन पायाची मानलेली आहेत. अक्षरं आणि अंक त्यांच्यानंतर येतात. शाळा ईवायएफएसचं नाव घेत असेल आणि नर्सरीतच रोज दोन पानं लिहायला देत असेल, तर तिने आराखड्याचं फक्त नाव घेतलंय.

‘मॉन्टेसरी’ हे नाव कुणीही लावू शकतं. म्हणून बाईंचं प्रशिक्षण कुठे झालं, तीन ते सहाची मुलं एकत्र बसतात का, आणि सकाळचा सलग कामाचा वेळ किती, हे तीन प्रश्न पुरेत. तिसऱ्याचं उत्तर अडीच-तीन तास यायला हवं. अर्ध्या तासाची तासिका असेल तर ती मॉन्टेसरी नव्हे.

उत्तर ‘सीबीएसईची बालवाटिका’ असं आलं तर नाक मुरडू नका. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ३ ते ८ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा मानला आणि २०२२ च्या त्याच्या आराखड्यातही खेळच मध्यभागी आहे. शिवाय चकचकीत बालवर्गातली जी ‘निसर्गाची टोपली’ पाहून आपण दिपतो, त्या बिया, शिंपले, पानं आणि गोटे घेऊन ताराबाई मोडकांनी बोर्डीला १९४५ मध्ये बालवाडीचं काम उभं केलं होतं. पुढे अनुताई वाघांसोबत कोसबाडला ते वाढलं. तेव्हा साहित्य कुठून आलं याला फार किंमत देऊ नका, ते मुलाच्या हातात येतं का ते बघा.

वयाचंही याच फोनवर विचारा. राज्यात नर्सरीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत ३ वर्षं आणि पहिलीसाठी ६ वर्षं पूर्ण हवीत. डिसेंबरात जन्मलेलं मूल वर्गात सगळ्यात लहान ठरतं; शेजारी बसणारं जवळजवळ वर्षभराने मोठं असू शकतं. या वयात एक वर्ष म्हणजे आयुष्याचा एक तृतीयांश भाग, त्यामुळे तुलना करून मुलाला हिणवू नका. एखादं वर्ष थांबणं परवडत असेल तर थांबा.

भेट: साध्या दिवशी, सकाळी दहाला

ओपन डेला सगळ्याच शाळा छान दिसतात. साध्या कामाच्या दिवशी जा आणि वर्गात मागे वीस मिनिटं बसू द्या म्हणा. मुलांच्या सुरक्षेमुळे नाही म्हणाले तर ते रास्त आहे. मग शाळा सुटल्यावर रिकामा वर्ग दाखवा म्हणा. रिकाम्या वर्गातही पुष्कळ दिसतं.

गुलाबी मनोरा शोधा. मॉन्टेसरी साहित्यातले हे दहा घन ठोकळे: सगळ्यात मोठा १० सेंटिमीटरचा, मग एकेक सेंटिमीटरने कमी होत शेवटचा १ सेंटिमीटरचा. ते मोजा. हा शेवटचा चिमुकला ठोकळाच हरवतो, कपाटाखाली जातो, कुणाच्या खिशातून घरी जातो. मनोरा वापरून कोपरे घासलेला आहे आणि तरी दहाही ठोकळे जागेवर आहेत, म्हणजे मुलं रोज हाताळतात आणि कुणीतरी रोज मोजतं. दहाही कोरे करकरीत, काचेच्या कुलूपबंद कपाटात असतील तर ते साहित्य पालकांना दाखवण्यासाठी आहे.

मग लाकडी ठोकळे. चांगल्या संचात लांबी रुंदीच्या दुप्पट आणि रुंदी जाडीच्या दुप्पट असते. त्यामुळे भिंत बांधताना एक मोठा कमी पडला तर दोन अर्धे लावून चालतं, हे मुलाला आपोआप कळतं. अपूर्णांकाची पहिली ओळख ती हीच. वीस मुलांत चाळीस ठोकळे असतील तर बांधकाम होत नाही, भांडणं होतात. दोनशेच्या पुढे संख्या हवी.

भिंतीवर नजर टाका. पंचवीस बदकं, सगळी पिवळी, सगळ्यांची चोच एकाच बाजूला: ती मोठ्यांनी कापून दिलेली आहेत. वेडीवाकडी, वेगवेगळी, खाली तारीख आणि मूल त्या चित्राबद्दल काय बोललं ते लिहिलेली चित्रं असतील तर त्या वर्गात कुणीतरी ऐकतंय.

रेती आणि पाणी आहे का? की ‘घाण होते’ म्हणून बंद? खानदेशच्या उन्हात रेतीच्या हौदावर सावली नसेल तर तो मार्चपासून जूनपर्यंत नुसता शोभेचा, हेही पाहून घ्या. वर्गात हवा खेळते का, पत्र्याचं छप्पर आहे का, पिण्याचं पाणी मुलाला स्वतः घेता येईल अशा उंचीवर आहे का?

शेवटी संडास. दार लहान मुलाला आतून उघडता येतं का, भांडं लहान आहे का, फरशी कोरडी आहे का. पालक हा भाग लाजून टाळतात. पण शाळेत शू दाबून ठेवणारं मूल पाणी पिणंही बंद करतं, आणि मग जुलैत लघवीची जळजळ घेऊन डॉक्टरकडे जावं लागतं.

ऑफिसमध्ये विचारायचं ते

एका मोठ्या माणसामागे मुलं किती? आपल्या २०१३ च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणात ३ ते ६ वयासाठी एकास वीस हे प्रमाण आहे. इंग्लंडमध्ये ३-४ वर्षांच्या मुलांसाठी प्रशिक्षित शिक्षक असेल तर एकास तेरा, नसेल तर एकास आठ. ‘इंटरनॅशनल’ म्हणवणाऱ्या शाळेने या दोन्हींच्या मधे कुठेतरी तरी बसावं. वर्गात मावशी आहेत म्हणून त्यांनाही मोजतात का, हे स्पष्ट करून घ्या.

संडासला मुलाला कोण नेतं, सगळ्या कर्मचाऱ्यांची पोलिस पडताळणी झाली आहे का, कॅमेरे कुठे आहेत? बसमध्ये महिला मदतनीस असते का आणि शेवटचं मूल उतरल्यावर बस कोण तपासतं? बसचा एका बाजूचा प्रवास पाऊण तासाच्या वर जात असेल तर या वयात जवळची साधी शाळा बरी, हे आमचं स्पष्ट मत.

गेल्या दोन वर्षांत बालवर्गाच्या किती बाई सोडून गेल्या? हा प्रश्न ऐकून समोरचा गडबडला तर तेही उत्तरच आहे.

फीचा तक्ता लेखी घ्या: प्रवेश, ट्यूशन, बस, जेवण, पुस्तकं, युनिफॉर्म, ‘अॅक्टिव्हिटी’, अनामत आणि ती परत मिळण्याची अट. कॅपिटेशन फीला राज्यात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. पावतीशिवाय रक्कम मागितली तर देऊ नका. आणि तीन वर्षांच्या मुलाला रंग, एबीसीडी विचारून ‘इंटरव्ह्यू’ घेणाऱ्या शाळेला बालशिक्षण किती कळतं, हे तिथेच समजून घ्या.

एप्रिल-मे: घरची तयारी

अक्षरं गिरवून घेऊ नका. मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मताना ती कूर्चेचीच असतात, एकेक करत पक्की होतात आणि शेवटचं पक्कं व्हायला नऊ ते बारा वर्षं लागतात. तीन वर्षांच्या हातात पेन्सिल कोंबली की मूल ती मुठीत धरतं, दाबून लिहितं, दुखलं की टाळतं. पुढे ती पकड मोडायला वर्ष जातं.

त्यापेक्षा उन्हाळ्याची कामं द्या. भुईमुगाच्या शेंगा अंगठा आणि तर्जनीने फोडणं. कणकेच्या लिंबाएवढ्या गोळ्या वळणं. केळं देठाकडून स्वतः सोलणं, त्यात दोन्ही हात वेगवेगळं काम करतात. घरी बिबड्या (ज्वारीचे पापड) घातल्या असतील तर वाळलेल्या बिबड्या गच्चीवरून उचलून टोपलीत रचायचं काम मुलाचं. हात जड पडला की बिबडी मोडते, आणि जोर किती लावायचा हे ती मोडकी बिबडीच शिकवते. ऊन चढायच्या आत हे उरकायचं, हे वेगळं सांगायला नको.

मग स्वतःची कामं: चड्डी खाली-वर करणं, हात धुणं, चपलेचा पट्टा लावणं, आणि डबा उघडणं. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात. चार बाजूंनी क्लिप असलेला घट्ट डबा महागाचा असतो, पण मुलाला उघडत नाही. बाईंकडे एका वेळी वीस डबे येतात, तोवर सुट्टी संपते, डबा भरलेला परत येतो आणि घरी “जेवत नाही” म्हणून ओरडा बसतो. शाळेचाच डबा आणि शाळेचीच वॉटरबॅग मे महिनाभर घरी वापरा. उघडत नसेल तर डबा बदला.

झोपेची वेळ दोन आठवडे आधीपासून रोज दहा-पंधरा मिनिटं अलीकडे आणा. लग्नसराईत हे जमत नाही. निदान शेवटचा आठवडा पाळा.

भाषा: घरची चालू ठेवा

शाळा इंग्रजी म्हणून आईवडील घरात “बेटा, वॉटर ड्रिंक कर, बॉटल क्लोज कर” सुरू करतात. यातून इंग्रजीही येत नाही आणि मराठीही पातळ होते. ज्या मुलाला ओली शेंग, वाळली शेंग, दाणा, टरफल, फोलपट असे पाच शब्द ठाऊक आहेत, त्याला ‘शेल’ हा सहावा शब्द सहज बसतो, कारण वस्तू आणि तिच्यातले भेद आधीच डोक्यात आहेत. घरात अहिराणी असो, लेवा बोली असो, नंदुरबारकडे भिलोरी किंवा पावरी असो, आजीने त्याच बोलीत गोष्ट सांगावी.

एक काम मात्र नक्की करा. मूल गरजेचे शब्द कसे म्हणतं ते एका कार्डावर लिहून बाईंना द्या. “माले पानी दे” किंवा “माय कोठे शे” हे बाहेरगावच्या मॅडमना कळेलच असं नाही, आणि मूल एकदा-दोनदा सांगून गप्प बसतं. पाणी, शू, शी, भूक, दुखणं, झोप, आई: इतके शब्द पुरतात.

नवी भाषा कानावर पडायला लागल्यावर काही आठवडे, कधी काही महिने, मूल वर्गात बोलतच नाही. ऐकतं, बघतं, खुणेने काम चालवतं. हे सर्रास घडतं. काळजी करायची ती घरच्या भाषेतही बोलणं कमी झालं तर, किंवा हाक मारल्यावर वळून बघत नसेल तर. तेव्हा आधी कान तपासून घ्या.

पहिले पंधरा दिवस

शाळा तयार असेल तर असं ठरवा: पहिले दोन दिवस एक तास, पालक वर्गातच एका कोपऱ्यात. पुढचे दोन दिवस एक तास, पालक बाहेर. दुसऱ्या आठवड्यात दोन तास, तिसऱ्यात पूर्ण वेळ. एकदम पहिल्या दिवशी चार तास ठेवणाऱ्या शाळेला किमान पहिला आठवडा अर्धा करायला सांगा.

निरोप एकदाच, थोडक्यात, तोंडावर. “मी जाते. डबा खाल्ला, गोष्ट झाली की येते.” घड्याळाची वेळ त्याला कळत नाही, कामांचा क्रम कळतो. मुलाचं लक्ष नसताना गुपचूप सटकू नका. त्या दिवशी रडणं टळतं, पण पुढचे कितीतरी दिवस ते खेळायचं सोडून दाराकडे बघत बसतं. खिडकीतून डोकावणंही नको. आजोबांना हे सांगणं अवघड जातं, पण सांगा. सोबत घरची एखादी वस्तू द्या, आईचा रुमाल चालतो.

पहिला आठवडा हसत गेलेलं मूल दुसऱ्या सोमवारी भोकाड पसरतं. शाळेत काही झालं असेलच असं नाही. नव्याची नवलाई संपून रोजच जायचं आहे हे तेव्हा त्याच्या ध्यानात येतं. मात्र तीन-चार आठवड्यांनंतरही रडणं वाढतच असेल, झोपेत दचकत असेल, ठरावीक माणसाचं नाव काढलं की घाबरत असेल, तर लगेच शाळेत जाऊन बसा. पावसाळ्यात सर्दी-ताप येणारच. औषधाशिवाय चोवीस तास ताप नसेल तरच पाठवा.

“आज काय शिकवलं?” याला “काही नाही” हेच उत्तर येतं. “रेतीत तुझ्याबरोबर कोण होतं?”, “आज कोण रडलं?” असं विचारलं की तोंड उघडतं.

वही कोरी दिसली तर

ऑगस्टमध्ये शेजारच्या शाळेतलं मूल वन टू हंड्रेड म्हणून दाखवतं आणि आपल्या घरात कुजबुज सुरू होते. शंभरपर्यंत म्हणणं हे पाठांतर आहे. मोजता येतं का ते असं बघा: ताटलीत सात शेंगदाणे ठेवा, मोजायला सांगा, मग तेच दाणे पसरून ठेवा आणि “आता किती?” विचारा. न मोजता “सातच” म्हणालं तर संख्या कळली. चार वर्षांच्या बऱ्याच मुलांना हे जमत नाही, म्हणून घाई नको.

दिवाळीनंतरच्या पीटीएमला मार्कांऐवजी फाइल मागा. जूनमधलं माणसाचं चित्र आणि नोव्हेंबरमधलं शेजारी ठेवा. आधी नुसतं गोल डोकं आणि त्यातूनच निघालेले दोन पाय असतात. मग पोट येतं, हात येतात, बोटं कधी सात असतात कधी नऊ. चित्रांवर तारखा नसतील तर बाईंना त्याच दिवशी सांगा: आजपासून प्रत्येक कागदाच्या मागे तारीख टाका.